स्वित्झर्लंडला जातोय, बाबांना जुने मठ आणि चर्च बघायचेत. आल्प्सचा कुठला भाग धरू?

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन ताईकडे झुरिकला चाललोय. तिकिटं, व्हिसा सगळं झालं, आता फिरायचं काय ते ठरवायचंय. टूरवाल्यांचे प्लॅन बघितले तर सगळीकडे तेच, युंगफ्राउ, टिटलिस, ल्युसर्नचा लाकडी पूल, चॉकलेट फॅक्टरी. बर्फ बघायचाच आहे, आई तर त्यासाठीच निघालीय, त्यामुळे ते होईलच. पण बाबांचं वेगळं आहे. आम्ही लहान असल्यापासून सुट्टी लागली की बाबा आम्हाला घेऊन कुठलं तरी देऊळ नाहीतर लेणं गाठायचे, अंबरनाथचं शिवमंदिर, लोणाड, कान्हेरी, आणि ठाण्यातल्या ठाण्यात कोपिनेश्वर तर किती वेळा. शिलाहारांबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांनी मला एकच विचारलं, तिकडे डोंगरात हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं काही उभं आहे का, असेल तर ते दाखव, बाकी कुठेही ने.

मी थोडं वाचलं तर आल्प्समध्ये इतके मठ आणि चर्च आहेत की डोकं चालेना. प्रश्न असे आहेत, एक म्हणजे झुरिकहून कुठला भाग धरावा, गाडी भाड्याने घ्यायची नाहीये, ट्रेन-बसनेच जायचंय. दुसरं म्हणजे आईचे गुडघे दुखतात, फार चढ नको. आणि ही ठिकाणं अजून चालू आहेत का, म्हणजे आत माणसं राहतात की नुसती म्युझियम्स झालीत? कोणी स्वतः बघितलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज, बाबा हे सगळं वाचणार आहेत.

---

नेरुळ_ते_कूर

दादा, तुमच्या बाबांसाठी ग्राउब्युंडेन धरा. स्वित्झर्लंडचा पूर्वेकडचा सगळ्यात मोठा कँटन (म्हणजे तिथलं राज्य), झुरिकहून ट्रेनने सव्वा तासात कूर येतं, तिथून पुढे सगळे घाट. मी नोकरीमुळे त्या भागात राहिलोय आणि अजूनही नेरुळला बसून नकाशा उघडला की तोच भाग उघडतो, त्यामुळे मनापासून लिहितोय.

आधी एक गोष्ट बाबांना सांगा, ती कळली की बाकी सगळं आपोआप लागतं. आपल्याकडे नाणेघाटाच्या वाटेवर जुन्नरची लेणी का आहेत, बोरघाटाच्या तोंडाशी कार्ले-भाजे का आहेत? व्यापाराचा रस्ता जिथे डोंगर चढतो तिथे विहार, पाण्याच्या टाक्या, मुक्कामाची सोय. आल्प्समध्ये नेमकं हेच आहे. इटलीतून जर्मनीकडे जायचं तर आल्प्स ओलांडायलाच लागतो, आणि ओलांडायचे घाट ठरलेले, म्हणून मठ त्याच घाटांच्या पायथ्याशी. डिसेंटिसचा मठ लुकमानियर आणि ओबरआल्प या दोन घाटांच्या फाट्यावर, झिलिसचं चर्च श्प्ल्युगेन आणि सान बर्नार्डिनोच्या वाटेवर, म्युस्टायर ऑफेन पास आणि ऊम्ब्राइलच्या खाली. ज्याच्या हातात घाट त्याच्या हातात पलीकडची सत्ता, त्यामुळे राजे आणि बिशप या मठांना जमिनी द्यायचे. जुलियर पासवर तर २२८४ मीटरवर रोमन काळातल्या खांबाचे दोन तुकडे अजून रस्त्याच्या कडेला उभे आहेत, म्हणजे ही वाट मठांच्याही आधीची.

आता ठिकाण. एकच बघायचं असेल तर म्युस्टायर. सेंट जॉनचा मठ, बेनेडिक्टाइन म्हणजे सेंट बेनेडिक्टच्या नियमांनी चालणारा, स्वित्झर्लंडच्या अगदी पूर्व टोकाला, गावातून चालत निघालं तर थोड्या वेळात इटलीची बॉर्डर. आख्यायिका अशी की फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन उत्तर इटलीतल्या लोम्बार्डांचाही राजा झाल्यावर परत येताना ऊम्ब्राइल घाटात हिमवादळात सापडला, वाचला, आणि नवस फेडायला हा मठ बांधला. आख्यायिका आहे हे खरं, पण चर्चमधल्या लाकडाच्या वर्तुळांवरून काळ काढला तर तो ७७५ च्या आसपासचा निघतो, शार्लमेन लोम्बार्डांचा राजा झाला ७७४ मध्ये. म्हणजे नवसाचं काहीही असो, काळ जुळतो. बाबांच्या हिशोबाने सांगायचं तर एलोऱ्याचं कैलास कोरलं जात होतं त्याच सुमाराचं हे.

आत गेलात की समोर पूर्वेला तीन अर्धगोल गाभारे, आणि उरलेल्या तिन्ही भिंतींवर वरपासून खालपर्यंत चित्रं, ओळीने चौकटी चौकटी करून. साधारण इसवी ८०० नंतरची. गेरू, पिवळी माती, राखाडी, बस एवढेच रंग दिसतात पहिल्यांदा. थोडा वेळ बाकावर बसून राहिलं की डोळे सरावतात आणि मग चौकटीतली माणसं दिसायला लागतात. उत्तरेच्या भिंतीवर इजिप्तला निघालेलं कुटुंब आहे, गाढवावर बसलेली मेरी, ते नक्की शोधा, चांगलं टिकलंय. मागे पश्चिमेच्या भिंतीवर शेवटचा न्याय, भिंतभर. कॅरोलिंजियन, म्हणजे शार्लमेनच्या घराण्याच्या काळातली इतकी मोठी चित्रमालिका जगात दुसरीकडे नाही, १९८३ ला युनेस्कोच्या यादीत गेलं, स्वित्झर्लंडच्या पहिल्या तीन जागांपैकी एक.

आणि हो, आत माणसं राहतात. बेनेडिक्टाइन सिस्टर आहेत, संख्या कमी झालीय पण बाराशे वर्षं प्रार्थना चालूच आहे. सुरुवातीला पुरुषांचा मठ होता, १२व्या शतकात बायकांचा झाला. चर्च उघडं असतं, म्युझियम वेगळं, ते प्लांटा टॉवर नावाच्या बुरुजात आहे जो स्वतः साधारण ९६० सालचा.

जायचं कसं: झुरिकहून लांडक्वार्ट, तिथून लाल रंगाची रेटियन रेल्वे, ती क्लोस्टर्सच्या पुढे व्हेराइना बोगद्यात शिरते (१९ किलोमीटरचा बोगदा, १९९९ ला उघडला), बाहेर पडलं की एंगाडीन. झेर्नेत्सला उतरायचं, स्टेशनच्या बाहेरच पिवळी पोस्टबस उभी असते, ती ऑफेन पास चढून नॅशनल पार्कमधून म्युस्टायरला नेते. बस मठाच्या दारात थांबते, स्टॉपचं नावच क्लोस्त्रा सोन जोन. चढ अजिबात नाही, आईंना काही त्रास नाही.

---

ऐरोली_सेक्टर_१७

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. म्युस्टायर सुंदर असेल पण झुरिकहून एका बाजूला चार तासांच्या जवळपास जातात. वयस्कर माणसं बरोबर आहेत, आईंचे गुडघे दुखतात. त्यापेक्षा सांक्ट गालेन आणि आइन्सिडेल्न करा ना, दोन्ही झुरिकहून तासाभरात, सकाळी पोहे खाऊन निघायचं आणि रात्रीच्या जेवणाला ताईकडे.

सांक्ट गालेन पण युनेस्कोच, त्याच १९८३ मधलं. आयर्लंडहून आलेला गालुस नावाचा साधू ६१२ च्या सुमारास तिथे जंगलात झोपडी बांधून राहिला आणि ७१९ ला ओट्मारने तिथे मठ उभा केला. मठ १८०५ ला बंद झाला पण लायब्ररी राहिली. तिथे दोन हजारांवर हस्तलिखितं आहेत, कित्येक हजार वर्षांच्याही आधीची. लायब्ररीचा हॉल १८व्या शतकातला, लाकडी जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून बुटांवर फेल्टच्या मोठ्या सपाता चढवून आत सोडतात. आणि एक नकाशा आहे, ९व्या शतकाच्या सुरुवातीचा, चामड्याचे पाच तुकडे शिवून त्यावर अख्ख्या आदर्श मठाचा प्लॅन काढलाय, चर्च, दवाखाना, औषधी वनस्पतींची बाग, कोंबड्यांचं घर, बिअर बनवायची जागा, सगळं. तो मठ तसा कधी बांधलाच गेला नाही, पण त्या काळचा मठ कसा चालायचा ते त्या एका कागदावर कळतं. तुमच्या बाबांसारख्या माणसाला हेच आवडेल.

---

नेरुळ_ते_कूर

ऐरोलीकर, सांक्ट गालेन जरूर करावं, मी नाही म्हणत नाही, तो नकाशा तर बघायलाच हवा. पण बाबांचा प्रश्न परत वाचा, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं काही उभं आहे का असं विचारलंय त्यांनी. सांक्ट गालेनचं आताचं चर्च १८व्या शतकातलं बरोक (त्या काळची नक्षीदार, भरगच्च शैली), आइन्सिडेल्नही तसंच. जुना मठ पाडून त्याच जागी नवा, पैसा असलेल्या मठांनी सगळीकडे तेच केलं. म्युस्टायर गरीब आणि लांब राहिलं म्हणून वाचलं. तिथे पाडून नवं बांधायला पैसे नव्हते, त्यांनी १५व्या शतकाच्या शेवटी फक्त आत गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींचं छत घातलं आणि भिंतींवर चुना मारला. त्या चुन्याखाली आणि त्या छताच्या वर चित्रं झाकून राहिली.

आणि चार तास एका दिवसात जाऊन येऊन करायचेच नाहीत. एक रात्र म्युस्टायरला मुक्काम करा, गावात छोटी हॉटेलं आहेत. पाहिजे तर बॅगा ताईकडे ठेवून एक सॅक घेऊन जा. संध्याकाळी दिवसाच्या बसवाल्यांची गर्दी गेली की चर्चमध्ये अगदी मोजकी माणसं असतात, आईंना पण बसायला बरं.

---

चुना_गिलावा

वाशीहून. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, जास्त करून चुन्याचंच काम, त्यामुळे वरच्या शेवटच्या मुद्द्यावर थोडं लिहितो, बाबांना आवडेल असं वाटतं.

भिंतीवरचं चित्र दोन प्रकारे करतात. एक म्हणजे गिलावा ओला असतानाच त्यावर रंग लावायचा, मग चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत परत दगड होतो आणि रंग त्या दगडात अडकतो, वर चिकटलेला नसतो. दुसरं म्हणजे वाळलेल्या गिलाव्यावर कशात तरी रंग कालवून लावायचा, हा पोपडे धरून पडतो. जुन्या चर्चमध्ये बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं, आधी ओल्यावर मुख्य आकृत्या आणि बारीक काम वाळल्यावर. म्हणून तुम्हाला चेहरे पुसट दिसतील, डोळे गेलेले असतील पण अंगाचा आकार, कपड्याची घडी शाबूत असेल. ते कोणी खोडलेलं नसतं, वरचा थर गळून जातो एवढंच.

म्युस्टायरला मजा अशी आहे की ८०० च्या चित्रांवर साधारण १२०० साली दुसऱ्या चित्रकारांनी नवा गिलावा चढवून नवी चित्रं काढली, गाभाऱ्यांमध्ये. मग त्याच्यावर चुना. १८९४ ला दोन संशोधक गॉथिक छताच्या वरच्या पोकळीत चढले तेव्हा त्यांना भिंतीच्या वरच्या भागात जुनी चित्रं दिसली. वरच्या ओळीतले काही तुकडे १९०८-०९ मध्ये काढून झुरिकच्या राष्ट्रीय म्युझियमला नेले, ते म्युझियम झुरिक स्टेशनच्या अगदी मागे आहे. खालचा चुना काढून सगळी भिंत उघडी केली ती १९४७ ते १९५१ मध्ये. आता प्रश्न येतो की १२०० चं चित्र काढल्याशिवाय ८०० चं दिसणार नाही, मग कोणाला ठेवायचं? तिथे गाभाऱ्यात १२०० ची बरीचशी ठेवलीत आणि काही जागी खालचं उघडं केलंय, त्यामुळे एकाच अर्धगोलात खालीवर चारशे वर्षांचा फरक दिसतो. पाय आधीच्या चित्रातल्या माणसाचे आणि शेजारी नंतरच्या चित्रातला राजा, असं काहीसं. रंगावरून ओळखता येतं, १२०० चे रंग जास्त उठावदार, रेषा काळ्या आणि ठळक. बाबांना सांगा भिंतीला अगदी तिरकं उभं राहून बघा, उजेड बाजूने पडला की गिलाव्याच्या थरांची कड दिसते, वरचा थर कुठे संपतो ते बोट ठेवून दाखवता येईल इतकं स्पष्ट (बोट लावायचं नाही अर्थातच, घामातला क्षार आणि तेल भिंतीत जातं).

मला विचाराल तर त्यांनी भिंत जशी आहे तशी ठेवली, गेलेले चेहरे परत रंगवले नाहीत, हे सगळ्यात मोठं काम. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की आधी ऑइलपेंटचा डबा उघडतो आणि मग त्याखाली दगड श्वास घेत नाही, ओल आत कोंडते आणि चारपाच पावसाळ्यात दगडाची साल निघते. हे बघून मला खरंच त्रास होतो, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आणि झिलिस सोडू नका. कूरहून टुझिस ट्रेनने, तिथून पोस्टबसने झिलिस, वाटेत व्हियामाला दरी लागते. बाहेरून चर्च एकदम साधं, पांढरं, वाटणारही नाही आत काय आहे. आत सपाट लाकडी छत, त्यावर १५३ चौकोनी पाट, प्रत्येक पाट साधारण ९० सेंटिमीटरचा, साल साधारण १११० च्या पुढेमागे. आधी खाली ठेवून रंगवले आणि मग वर चौकटीत सरकवले. बाहेरच्या कडेने ४८ पाट, त्यात समुद्र आणि माशाच्या शेपटीचे हत्ती, लांडगे, पक्षी असले प्राणी, आतल्या १०५ मध्ये येशूची कथा आणि शेवटच्या ओळीत सेंट मार्टिन. जगाच्या कडेला समुद्र आणि मध्ये माणसांची गोष्ट, अशी रचना. नवल म्हणजे येशूची कथा काट्यांच्या मुकुटापर्यंत येते आणि थांबते, क्रूस नाहीच, पुढच्या ओळीत एकदम मार्टिन.

मान मोडायची गरज नाही, तिथे हातात धरायला आरसे देतात, आरसा पोटाशी आडवा धरायचा आणि त्यात छत बघत पुढे सरकायचं. आईंना हे फार सोयीचं. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं आणि आकसतं, रंगाचा थर तसा हलत नाही, म्हणून असं छत नऊशे वर्षं टिकणं म्हणजे नशीब आणि काळजी दोन्ही. अंबरनाथचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० च्या आसपास, हे छत त्यानंतर जेमतेम पन्नास वर्षांनी. बाबांना तिथे उभं राहून हा हिशोब सांगा.

---

चरईची_लेक

हाय, मी ठाण्याचीच, ईस्ट इंडियन कुटुंब, आमचं चर्च तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट. म्हणून म्युस्टायरचं नाव वाचून लगेच लिहायला बसले कारण तो मठही त्याच जॉनचा, बॅप्टिस्टचा. मी चुलत बहिणीबरोबर गेले होते.

काका (म्हणजे तुमचे बाबा) देवळातली शिल्पं ओळखतात ना, हा विष्णू कारण हातात शंखचक्र, हा भैरव कारण कुत्रा. चर्चमध्ये पण अगदी तसंच चालतं, फक्त खुणा माहीत पाहिजेत. किल्ली हातात म्हणजे पीटर, तलवार म्हणजे पॉल, दगड मारताहेत म्हणजे स्टीफन, अर्धा झगा तलवारीने कापून भिकाऱ्याला देतोय तो मार्टिन. म्युस्टायरला तीन गाभाऱ्यांत हे सगळे भेटतात, उत्तरेला पीटर आणि पॉल, दक्षिणेला स्टीफन आणि मधल्या मोठ्या गाभाऱ्यात आमचा जॉन. मधल्यात हेरोद राजाची मेजवानी बघा, टेबलावर सगळे बसलेत, सलोमी नाचतेय आणि जॉनचं शिर. मी लहानपणापासून ही गोष्ट चर्चमध्ये ऐकत आले पण आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी डोंगरातल्या एका गावात ती भिंतीवर काढली, मेजवानीच्या टेबलावरची भांडी आणि सुऱ्यांसकट, हे बघून मी बराच वेळ हललेच नाही तिथून.

आइन्सिडेल्नबद्दल पण लिहिते, कारण वर ते फक्त बरोक म्हणून बाजूला पडलं असं वाटलं मला. तिथला मठ ९३४ चा, त्याआधी माइनराड नावाचा साधू तिथे जंगलात राहायचा, त्याला ८६१ मध्ये मारलं. इमारत नवी असली तरी लोक तिथे जुन्या वाटेनेच येतात, काळ्या मेरीच्या दर्शनाला. चर्चच्या आत शिरल्याशिरल्या काळ्या संगमरवराची छोटी चॅपल आहे, चर्चच्या आत चर्च, त्यात ती उभी, आणि तिचा पोशाख सणाप्रमाणे बदलतात. आपल्या लोकांना हे सांगायला नको, देवीला कुठली साडी नेसवली हे आपणही आधी बघतो. रोज दुपारी भिक्षू तिथे येऊन साल्वे रेजिना हे मेरीचं स्तोत्र गातात. मेणबत्त्या लावलेल्या, बायका गुडघ्यावर, कोणी बाळ घेऊन आलंय. दगड किती जुना हे एक झालं पण श्रद्धा चालू असलेली जागा बघायची तर आइन्सिडेल्न. आईंना हे जास्त आवडेल असं माझं मत.

थोडं वागण्याचं: मास (चर्चमधली मुख्य प्रार्थना) चालू असेल तर मागे शांत बसा, फिरू नका, फोटो नको. टोपी पुरुषांनी काढायची. म्युस्टायरला सिस्टरांची प्रार्थना असते तेव्हा बसायला मिळालं तर बसाच. झिलिसचं चर्च आता प्रोटेस्टंट आहे त्यामुळे तिथे मूर्ती, मेणबत्त्या काही दिसणार नाही, बाबांना वाटायला नको की काढून नेलं की काय.

---

पाचपाखाडीकर

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी सगळं वाचलं, वहीत उतरवून घेतलं. घाट आणि लेण्यांचा मुद्दा वाचून ते लगेच आल्प्सचा नकाशा प्रिंट करून मागतायत. चुना_गिलावा साहेबांचं थरांचं वाचून म्हणाले की आता अजिंठ्याची सतरा नंबरची लेणी परत बघायला हवी.

आता साधारण असं ठरतंय, एक दिवस आइन्सिडेल्न (आईसाठी), एक दिवस कूर आणि झिलिस, आणि म्युस्टायर मुक्कामी. सांक्ट गालेन ताई म्हणते की ती रविवारी स्वतः दाखवेल. बाबांचे अजून दोन प्रश्न: म्युस्टायरला रात्र राहिलो तर दुसऱ्या दिवशी तिथून पुढे इटलीत काही आहे का? आणि या भागात नवीन काळात बांधलेलं काही चांगलं आहे का की सगळं जुनंच? माझा प्रश्न, आई शाकाहारी आहे, त्या गावात काय खायचं?

---

ऐरोली_सेक्टर_१७

नवीन काळातलं मी सांगतो, मी आर्किटेक्ट नाही पण हे बघितलंय. डिसेंटिसच्या अलीकडे सुमविट्ग गावाच्या वर सोन बेनेडेट्ग नावाची छोटी चॅपल आहे. तिथली जुनी बरोक चॅपल १९८४ ला हिमकड्याखाली गेली, मग पीटर झुमथोर या आर्किटेक्टने १९८८ मध्ये नवी बांधली. पूर्ण लाकडाची, वरून बघितली तर पानाच्या किंवा थेंबाच्या आकाराची, बाहेरून लाकडी चिपट्या लावलेल्या, त्या उन्हाच्या बाजूला काळपट आणि सावलीच्या बाजूला राखाडी झाल्यात. खिडक्या फक्त अगदी वर, छताखाली, गोल पट्टीसारख्या, त्यामुळे आत उजेड वरूनच येतो. पण खाली स्टेशनपासून चांगला चढ आहे, आईंना नको. बाबा एकटे गेले तर जाऊ शकतात, तोपर्यंत आई डिसेंटिसच्या मठात बसतील. डिसेंटिसचं मूळ ८व्या शतकातलं, चर्च मात्र १७००च्या आसपासचं बरोक, १७९९ ला फ्रेंचांनी गाव आणि मठ जाळला होता, त्यातून परत उभं केलं. आत आजही भिक्षू आहेत आणि शाळा चालते.

आणि मुक्कामाचं म्हणणं पटलं मला, रात्र राहणार असाल तर म्युस्टायर बरोबर आहे.

---

नेरुळ_ते_कूर

इटलीचं सांगतो. म्युस्टायरहून तीच बस पुढे बॉर्डर ओलांडून माल्सला जाते. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो पण पासपोर्ट जवळ ठेवा आणि थोडे युरो ठेवा, पलीकडे फ्रँक नाहीत. लोक मात्र तिकडेही जर्मनच बोलतात, तो दक्षिण तिरोल, पहिल्या महायुद्धानंतर इटलीत गेला. आणि म्युस्टायरच्या बाजूला घरात रोमान्श बोलतात, ग्राउब्युंडेनच्या तीन भाषांपैकी एक.

माल्समध्ये सेंट बेनेडिक्टचं छोटंसं चर्च आहे, त्यातही ८०० च्या आसपासची चित्रं. तिथे एक गोष्ट मुद्दाम बघा, ज्याने चर्च बांधून दिलं तो जमीनदार हातात तलवार धरून उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला धर्मगुरू हातात चर्चची छोटी प्रतिकृती घेऊन. इतक्या जुन्या काळातल्या सामान्य दात्याचं चित्र क्वचितच कुठे उरलंय. किल्ली किंवा वेळ बघून जा, दिवसभर उघडं नसतं.

तिथून वर डोंगराच्या अंगावर पांढराशुभ्र मारिएनबर्ग मठ दिसतो, १३४० मीटरवर, बेनेडिक्टाइनांचा युरोपातला सगळ्यात उंचावरचा मठ. त्याच्या तळघरातल्या चॅपलमधली देवदूतांची चित्रं साधारण ११७५-८० ची आहेत, आणि ती १९८० पर्यंत बांधकामामागे झाकलेली होती म्हणून रंग इतके ताजे. निळा बघा त्यातला. मूळ तळघर फक्त ठरावीक प्रार्थनेच्या वेळी उघडतात, बाकी वेळी म्युझियममध्ये फिल्म दाखवतात. माल्सहून टॅक्सी करा, चालत चढू नका आईंना घेऊन.

वेळ उरला तर अजून पुढे रेशेनचं तळं, त्यात पाण्यातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो. फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो, पण खाली ग्राउन नावाचं गाव होतं, १९५० ला वीजनिर्मितीच्या धरणासाठी बुडवलं. मनोरा १४व्या शतकातला, तो तेवढा ठेवला. लोक सेल्फी काढून निघून जातात, मला तिथे वाईटच वाटलं. आपल्याकडे कोयना, उजनीच्या पोटात गेलेल्या गावांची माणसं माझ्या ओळखीची आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर बघायला जातात ती.

---

चरईची_लेक

खाण्याचं माझ्याकडे. त्या भागातलं बार्लीचं सूप प्रसिद्ध आहे पण त्यात बहुतेक वेळा वाळवलेलं मांस असतं, आणि कापुन्स म्हणून पानात गुंडाळलेला पदार्थ असतो त्यातही मांसाचे तुकडे असतात, दोन्ही विचारल्याशिवाय घेऊ नका. रोश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं, ते बेकन न घालता द्या म्हणून सांगायचं. चीज, ब्रेड, सॅलड सगळीकडे मिळतं. एंगाडीनचा अक्रोडाचा केक आईंना नक्की आवडेल, कॅरॅमल आणि अक्रोड आत भरलेले, बरेच दिवस टिकतो, ठाण्याला पण आणता येतो. रविवारी लहान गावात दुकानं बंद असतात त्यामुळे शनिवारीच दूध-ब्रेड घेऊन ठेवा. पाणी विकत घेऊ नका, गावातल्या दगडी हौदाला जी तोटी असते तिचं पाणी पितात लोक, जिथे पिण्याचं नसतं तिथे पाटी लावलेली असते.

---

चुना_गिलावा

एक राहिलं. झेर्नेत्सला बस पकडायच्या आधी वेळ असेल तर ग्वार्दा नाहीतर आर्देत्सला जाऊन या, त्याच रेल्वेवर आहेत पण बोगद्यातून बाहेर पडल्यावर झेर्नेत्सच्या उलट दिशेला, त्यामुळे बघून झालं की मागे येऊन झेर्नेत्स गाठायचं. ग्वार्दा स्टेशनपासून वर आहे, छोटी बस असते. तिथल्या घरांच्या भिंतींवर स्ग्राफितो आहे, म्हणजे गडद गिलाव्यावर पांढरा चुना मारायचा आणि तो ओला असतानाच टोकाने खरवडून नक्षी काढायची, खालचा गडद रंग उघडा होतो. भिंती जाड, खिडक्या लहान आणि आत निमुळत्या गेलेल्या, थंडी आत येऊ नये आणि उजेड मात्र पसरावा म्हणून. राजाचा पैसा नाही, बिशपचा नाही, शेतकऱ्यांची घरं, गुरंढोरं आणि माणसं एकाच छपराखाली. तोच चुना, तीच वाळू, जी म्युस्टायरच्या भिंतीवर आहे. म्युस्टायरच्या आधी हे बघितलं तर बाबांना चुन्याचं काम हाताशी दिसेल, मग चर्चमध्ये उंचावर काय केलंय ते लवकर कळेल.

---

पाचपाखाडीकर

ग्वार्दा घेतलं यादीत. म्हणजे झुरिक, ग्वार्दा, झेर्नेत्स, म्युस्टायर मुक्काम, दुसऱ्या दिवशी माल्स आणि मारिएनबर्ग, आणि त्याच वाटेने परत. एकच शंका, माल्सहून संध्याकाळी झेर्नेत्सकडे परत यायला बस मिळते ना?

---

नेरुळ_ते_कूर

मिळते, पण रात्री उशिरापर्यंत थांबू नका. रेल्वेच्या ॲपमध्ये पोस्टबस पण दिसते, त्यात माल्स ते झुरिक टाका आणि तुमच्या तारखेची शेवटची नाही तर तिच्या आधीची गाडी धरा, म्हणजे झेर्नेत्सला एखादी चुकली तरी मागून दुसरी असते. ऑफेन पासवरून येताना बसमध्ये उजव्या-डाव्या खिडकीचा विचार करू नका, दोन्हीकडे जंगल आहे, बाबांना पुढे ड्रायव्हरच्या मागे बसवा, घाट समोरून दिसेल.